बारकोड लावायचा कशाला: मालाला, लॉटला की वस्तूला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. देवगडजवळ आंबा, कोकम आणि काजूचा प्रक्रिया कारखाना आहे आणि कणकवलीत महामार्गालगत विक्रीचे दुकान. माल साठेक प्रकारचा. हंगामात बागायतदारांकडे दीड-दोन हजार प्लास्टिक क्रेट फिरत असतात. वहीतला साठा आणि गोदामातला साठा कधीच जुळत नाही, क्रेट परत येत नाहीत, आणि पल्पर (आंब्याचा गर काढायचे यंत्र), डीप फ्रीजर, वजनकाटे यांची देखभाल कधी झाली हे कुणाला सांगता येत नाही. म्हणून बारकोडचे कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हे तुम्ही विचारले आहे.

सॉफ्टवेअरचे नाव मी शेवटी सांगेन, कारण तो निर्णय त्यातल्या त्यात सोपा आहे. बारकोड म्हणजे लवकर आणि न चुकता वाचता येणारा नंबर, एवढेच. तो नंबर कशाचा, हे ठरले नसेल तर महागडे सॉफ्टवेअरही वहीतला गोंधळ अधिक वेगाने करून देते. तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळी कामे एकत्र आली आहेत. ‘अमृत कोकम ५०० मिली’ हा मालाचा प्रकार. १८ एप्रिलच्या दुसऱ्या घाण्यातले अमृत कोकम हा लॉट. शेडमधला तो विशिष्ट पल्पर ही एक वस्तू. प्रकाराला एक नंबर असतो आणि तो हजारो बाटल्यांवर सारखाच असतो. लॉटचा नंबर त्या घाण्यातल्या सगळ्या खोक्यांना सारखा. वस्तूचा नंबर मात्र एकदाच यायला हवा. हे तीन थर वेगळे ठेवले की पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात. जे धंदे बारकोड लावून सहा महिन्यांत सोडून देतात, त्यांच्याकडे बहुतेक वेळा हे तीन थर एकमेकांत मिसळलेले असतात.

पहिला थर प्रकाराचा. बाटलीवर आणि पाकिटावर जो १३ अंकी ईएएन बारकोड दिसतो, तो जीएस१ इंडिया या नंबर देणाऱ्या संस्थेकडून घ्यावा लागतो. त्यांच्या सभासदांचे नंबर ८९० ने सुरू होतात. ८९० ने सुरू होणारा नंबर स्वतः तयार करू नका आणि कुणी एक-दोन नंबर स्वस्तात विकत असेल तर घेऊ नका. मोठ्या दुकानांत माल द्यायची वेळ आली की नंबर कुणाच्या नावावर आहे हे तपासले जाते. केवळ स्वतःच्या दुकानात आणि ओळखीच्या दुकानदारांकडे विकत असाल तर ईएएनची घाई नाही, घरचा नंबर चालतो. पण मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये किंवा ऑनलाइन बाजारात जायचा विचार असेल तर आताच घ्या, कारण नंतर नंबर बदलणे म्हणजे सगळी लेबले पुन्हा छापणे.

नंबर किती लागतील? प्रत्येक मापाला वेगळा. अमृत कोकम ५०० मिली आणि १ लिटर हे दोन नंबर. आंब्याच्या पल्पचा ८५० ग्रॅमचा डबा आणि ३.१ किलोचा डबा हे दोन नंबर. काजूगराच्या डब्ल्यू २४० आणि डब्ल्यू ३२० या आकाराच्या प्रतींनाही वेगळे. ईएएनच्या रेघांमध्ये किंमत नसते, ती सॉफ्टवेअरमध्ये असते. निव्वळ वजन बदलले तर नवा नंबर घ्यायचा. साठ प्रकारांना साठ नंबर पुरतात. खोक्यासाठी १४ अंकी नंबर त्याच मूळ नंबराच्या सुरुवातीला १ ते ८ पैकी एक अंक लावून बनतो. फक्त शेवटचा तपासणी-अंक (बाकीच्या अंकांवरून हिशेबाने निघणारा) नव्याने काढावा लागतो, सुरुवातीला अंक जोडून जुनाच शेवट ठेवला तर तो नंबर चुकीचा ठरतो.

दुसरा थर लॉटचा, आणि माझ्या मते तुमच्या धंद्यात हाच सर्वांत मोलाचा. अन्नपदार्थांच्या पाकिटावर बॅच क्रमांक (म्हणजेच लॉटचा नंबर) आणि मुदत छापणे तुम्हाला बंधनकारक आहेच. २०१७ पासून अन्न परत मागवण्याच्या कार्यपद्धतीचे वेगळे नियमही आहेत. एखाद्या दुकानातून पल्पचा डबा फुगल्याची तक्रार आली, तर त्या घाण्यातले बाकीचे डबे कुठे आहेत आणि त्यात कुणाचा आंबा होता, ही दोन उत्तरे तासाभरात मिळायला हवीत. वहीतून ती मिळत नाहीत.

लॉट म्हणजे काय हे आधी पक्के करा. माझा सल्ला: एकत्र शिजवलेला, एकत्र भरलेला घाणा म्हणजे एक लॉट. दिवसाचा सगळा माल एक लॉट धरला तर नोंदी कमी होतात, पण एक घाणा बिघडला की दिवसभराचा माल बाजूला काढावा लागतो. याउलट प्रत्येक पातेल्याला वेगळा लॉट धरला तर ऐन हंगामात कामगारांना ते झेपत नाही. कोकम आगळासारख्या टिकाऊ मालाला दिवसाचा लॉट चालतो. डबाबंद पल्पला मात्र घाण्याप्रमाणेच ठेवा, कारण तिथे बिघाड एका वेळच्या उकळणीत किंवा सीलिंगमध्ये होतो.

आता नंबर कसा लिहायचा. लोकांना नंबरात सगळी माहिती कोंबायचा मोह होतो: मालाच्या नावाची अक्षरे, गावाची अक्षरे, तारीख, पाळी. तसे करू नका. नंबर कोरा, अर्थहीन, ओळीने वाढणारा ठेवा आणि अर्थ सॉफ्टवेअरमध्ये ठेवा. मी सुचवतो ती पद्धत १० अंकांची आहे. फक्त पहिले दोन अंक जात सांगतात: ७१ म्हणजे लॉट, ७२ म्हणजे यंत्र किंवा इतर मालमत्ता, ७३ म्हणजे जागा, म्हणजे कपाट, रॅक, टेम्पो, दुकान. पुढचे आठ अंक ओळीने. म्हणजे पहिला लॉट ७१००००००००१ असा होणार नाही, तो ७१००००००‌०१ होईल. एकूण अंक मोजून दहाच ठेवा. दहाच का? बाजारातले मालाचे नंबर ८, १२, १३ किंवा १४ अंकांचे असतात. दहा अंकी नंबर त्यांच्याशी कधीच धडकत नाही आणि स्कॅन होताच हा घरचा नंबर आहे हे सॉफ्टवेअर ओळखते.

अंकच का, अक्षरे का नकोत, यालाही हिशेब आहे. लॉटसाठी कोड १२८ नावाचा बारकोड वापरायचा. तो दोन अंक एका चिन्हात बसवतो, अक्षराला मात्र एकेक चिन्ह लागते. प्रत्येक चिन्ह ११ एकक रुंद, शेवटचे १३. एकक म्हणजे सर्वांत बारीक रेघेची रुंदी. दहा अंकांचा कोड ९० एकक होतो. साध्या २०३ डीपीआयच्या (इंचाला २०३ ठिपके छापणाऱ्या) लेबल प्रिंटरवर एक ठिपका ०.१२५ मिमीचा, आणि सर्वांत बारीक रेघ दोन ठिपक्यांची म्हणजे ०.२५ मिमीची ठेवली तर कोड २२.५ मिमी रुंद येतो. दोन्ही बाजूंना प्रत्येकी १० एकक कोरी जागा सोडावी लागते, म्हणजे एकूण २७.५ मिमी. ५० मिमीच्या लेबलावर ऐसपैस बसतो. हाच नंबर १६ अक्षरांचा केला तर कोड कोऱ्या जागेसह ५७.७५ मिमी होतो आणि ५० मिमीच्या लेबलावर मावत नाही. अशा वेळी लेबल बनवणारे सॉफ्टवेअर बऱ्याचदा तक्रार करत नाही, गुपचूप रेघा एका ठिपक्याच्या करून टाकते. छपाई देखणी दिसते, टेबलावर चांगला स्कॅनर वाचतोही, पण गोदामातल्या मंद उजेडात मोबाइल वाचत नाही. ‘स्कॅनर खराब आहे’ ही तक्रार बऱ्याचदा इथून सुरू होते.

ईएएनचेही असेच एक गणित लक्षात ठेवा. त्याची ठरलेली रुंदी कोऱ्या जागेसह ३७.२९ मिमी, आणि सर्वसाधारणपणे तो ८० टक्क्यांपर्यंतच लहान करतात. २०३ डीपीआयच्या प्रिंटरवर दोन ठिपक्यांची रेघ ७६ टक्क्यांवर जाते, म्हणजे त्याहून बारीक. तीन ठिपक्यांची घेतली तर कोड ४२.४ मिमीचा होतो. म्हणून ३८ मिमीच्या स्टिकरवर ईएएन छापू नका, ५० मिमीचे घ्या. त्याहून उत्तम म्हणजे ईएएन बाटलीच्या मुख्य लेबलातच छापखान्याकडून छापून घ्या.

छापखान्याला दोन गोष्टी लेखी सांगा. कोकमाच्या लेबलावर कलाकाराला लाल-जांभळा रंग वापरायचा असतो. बरेच स्कॅनर लाल उजेड टाकतात आणि त्या उजेडात लाल रेघ पांढरी दिसते, म्हणून लाल रेघा कितीही ठळक असल्या तरी वाचल्या जात नाहीत. रेघा काळ्या, मागची जागा पांढरी. पारदर्शक लेबलाच्या मागे कोकमाचा गडद रंग दिसत असेल तर बारकोडाखाली पांढरा चौकोन हवाच. दुसरे, बारीक बाटलीवर कोड शिडीच्या पायऱ्यांसारखा उभा फिरवून लावायचा, म्हणजे रेघा बाटलीभोवती वळत जातात आणि स्कॅनरची नजर बाटलीच्या उंचीच्या दिशेने जाते. नेहमीसारखा आडवा लावला तर दोन्ही टोकांच्या रेघा वळणामागे जातात.

कागद आणि शाई याबाबतीत कोकणात जास्त काळजी घ्यावी लागते. लेबल प्रिंटर दोन प्रकारे छापतात. एकात रिबन (शाईची पट्टी) नसते, उष्णतेने कागदच काळा होतो. बिलाला ते ठीक, पण मे महिन्यात उन्हात उभ्या टेम्पोत असे लेबल काळवंडते आणि काही महिन्यांत छपाई फिकीही पडते. तुमच्या मालाला वर्षभर टिकायचे आहे, म्हणून रिबनवाला प्रिंटर घ्या. खोक्यांना कागदी लेबल आणि वॅक्स-रेझिन (मेण आणि राळ मिसळलेल्या शाईची) रिबन पुरते. साधी वॅक्स रिबन ओल्या हाताने पुसली जाते. काजूच्या शेडमध्ये टरफलाचे तेल सगळीकडे लागते, तिथे आणि यंत्रांवर पॉलिस्टरचे लेबल आणि रेझिन रिबन लागेल. ५० बाय २५ मिमीचे एकेरी लेबल, मधे ३ मिमी फट, म्हणजे एका लेबलाला २८ मिमी रिबन. ३०० मीटरच्या रिबनमध्ये दहा हजारांहून थोडी जास्त लेबले निघतात. तुमचे एका हंगामाचे खोके त्यात बसतील असे वाटते, पण खोक्यांचा आकडा तुम्ही दिलेला नाही, तो धरून हिशेब करा.

पावसाळ्यात लेबलांचे रोल उघडे ठेवू नका. कागद दमट होतो, कडा वळतात, प्रिंटरमध्ये अडकतो आणि डिंकाचा चिकटपणाही बदलतो. प्लास्टिक पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद कपाटात ठेवा, एका वेळी एकच रोल बाहेर काढा. रिबन बदलताना दर वेळी प्रिंटरचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. छपाईत एकच उभी पांढरी रेघ सलग येऊ लागली तर हेडवर घाण आहे किंवा तिथला ठिपका जळला आहे. थंड खोलीतून काढलेल्या डब्यावर दव सुटते, त्यावर कोणतेही लेबल चिकटत नाही. लेबल थंड खोलीत जाण्याआधी, कोरड्या पृष्ठभागावर लावा आणि गोठवलेल्या मालासाठी थंडीत टिकणाऱ्या डिंकाचे लेबल मागा.

लेबलावर मालाचे नाव मराठीत हवे असेल तर संगणकावरून, विंडोजच्या ड्रायव्हरमार्फत छापा. मोबाइल अ‍ॅपवरून ब्लूटूथने थेट प्रिंटरला मजकूर पाठवला तर प्रिंटरला देवनागरी जुळवता येत नाही, जोडाक्षरे फुटतात किंवा नुसते चौकोन येतात. याच्या जोडीला एक चकवा आहे. हातातला स्कॅनर संगणकाला कीबोर्ड म्हणून दिसतो. बिल करताना कुणी मराठी कीबोर्ड चालू ठेवला असेल तर स्कॅन केलेल्या नंबरऐवजी भलतीच अक्षरे उमटतात. स्कॅन करणाऱ्या संगणकावर इंग्रजी कीबोर्डच ठेवा. आणि एक्सेलमध्ये नंबर घेणार असाल तर तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, नाहीतर १३ अंकी नंबर ८.९ अशा आकड्यात आखडतो आणि नंबराच्या सुरुवातीची शून्ये उडतात.

आता खरा प्रश्न, साठा का जुळत नाही. माल ज्या दारांनी आत येतो आणि बाहेर जातो ती दारे मोजा. तुमच्याकडे आवक, उत्पादन, कारखान्यातून दुकानात पाठवणी, विक्री, परतीचा माल, पाकिटे फोडून पुन्हा भरणे आणि नासधूस एवढी तरी आहेत. बहुतेक ठिकाणी पहिली चार नोंदली जातात, शेवटची तीन राहतात, आणि फरक नेमका तिथेच साचतो. पाहुण्यांना दिलेला नमुन्याचा डबा, उतरवताना फुटलेल्या दोन बाटल्या, दुकानदाराने परत दिलेली मुदत संपलेली आंबापोळी: यांची नोंद करायला कामगाराला एक मिनिटापेक्षा जास्त लागत असेल तर ती होणार नाही. म्हणून भिंतीवर एक तक्ता लावा. त्यावर ‘नमुना’, ‘फुटले’, ‘मुदत संपली’, ‘घरी नेले’ असे चार मोठे कोड. कामगार कारण स्कॅन करतो, माल स्कॅन करतो, झाले. कुणाला जाब विचारण्यासाठी हा तक्ता वापरू नका, कारण एकदा तसे झाले की फुटलेल्या बाटल्या कचऱ्यात जातात आणि नोंद बंद पडते.

उत्पादनाच्या दारावर मी एक नियम आग्रहाने सांगतो: खोक्याचे लेबल उत्पादनाच्या नोंदीतूनच छापले जावे, दुसरीकडून नाही. घाणा संपला, मुकादमाने लॉट उघडला, ‘४८ खोके’ लिहिले की ४८ लेबले बाहेर येतात. लेबलाशिवाय खोका गोदामात घ्यायचा नाही. म्हणजे नोंद हे कामानंतरचे ओझे राहत नाही, काम पुढे जायला तीच लागते. जास्तीची लेबले ‘लागतील म्हणून’ छापून ठेवू नका. मोकळी पडलेली लेबले नंतर चुकीच्या खोक्यावर बसतात आणि ती चूक शोधता येत नाही.

काजूला आणखी एक गुंता आहे. १० किलोचा डबा फोडून २५० ग्रॅमची पाकिटे भरता तेव्हा कागदावर ४० पाकिटे व्हायला हवीत. प्रत्यक्षात ३९ होतात, थोडा तुकडा उरतो, थोडी घट जाते. सॉफ्टवेअरमध्ये ही एकच नोंद असावी: एक डबा बाहेर, ३९ पाकिटे आत, इतका तुकडा आत, इतकी घट. डबा विक्रीत दाखवून पाकिटे नव्याने आणल्यासारखी दाखवली तर कराचा आणि साठ्याचा हिशेब दोन्ही बिघडतात. नव्या पाकिटांचा लॉट वेगळा द्या, पण तो कोणत्या डब्यातून आला हे त्या नोंदीत बांधलेले राहू द्या. बी फोडून गर काढतानाही हीच पद्धत, कारण उतारा लॉटगणिक बदलतो आणि कोणत्या बागेचा उतारा चांगला हे त्यातूनच कळते.

देवगड ते कणकवली टेम्पोला स्वतंत्र जागा धरा, ७३ चा एक नंबर द्या. कारखान्यातून स्कॅन झालेला माल टेम्पोत जमा, दुकानात उतरताना स्कॅन झाला की दुकानात जमा. टेम्पोत काही शिल्लक दिसले तर फरक वाटेत किंवा उतरवताना झाला, हे त्याच दिवशी कळते. परतीच्या मालालाही अशीच वेगळी जागा हवी. तो थेट विक्रीच्या साठ्यात मिसळला की मुदत संपलेली बाटली पुन्हा गिऱ्हाइकाच्या हातात जाते.

एक मर्यादा मोकळेपणाने सांगतो. घाऊक मालाला खोक्यावरचा लॉट कोड स्कॅन होतो, म्हणून कोणता घाणा कोणत्या दुकानदाराकडे गेला हे नेमके कळते. तुमच्या दुकानाच्या गल्ल्यावर मात्र बाटलीचा ईएएन स्कॅन होतो आणि त्यात लॉट नसतो. तिथे सॉफ्टवेअर ज्याची मुदत आधी संपते तोच गेला असे धरते. मांडणीही तशीच केली, म्हणजे जुना माल पुढे आणि नवा मागे, तर हे गृहीत बऱ्यापैकी खरे ठरते. बाटलीबाटलीवर लॉटसकट क्यूआर लावता येतो, पण महामार्गावरच्या दुकानाला त्याचा खर्च आणि खटाटोप मला परवडणारा वाटत नाही. निर्यात करणार असाल, किंवा खरेदीदाराची तशी मागणी असेल, तर गोष्ट वेगळी.

तिसरा थर वस्तूंचा. यंत्रे, फ्रीजर, काटे, शिडी, पंप यांना ७२ चा नंबर क्यूआरमध्ये द्या. क्यूआर यासाठी की तो लहान जागेत बसतो, साध्या मोबाइलने वाचता येतो आणि सर्वांत वरच्या दुरुस्ती-पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी चालतो. दहा अंकांना सर्वांत छोटा, २१ बाय २१ चौकटींचा क्यूआर पुरतो. अर्ध्या मिमीची चौकट आणि चारही बाजूंना चार चौकटींची कोरी किनार धरली तर १४.५ मिमी. क्यूआरमध्ये नुसता नंबर ठेवा, वेबसाइटचा पत्ता नको, कारण सॉफ्टवेअर बदलले की सगळी लेबले निकामी होतात. स्टीलचा पृष्ठभाग अल्कोहोलने पुसून, वाळवून मग लेबल लावा. वाफेजवळ आणि रोज धुतल्या जाणाऱ्या यंत्रावर चिकट लेबल टिकत नाही, तिथे अ‍ॅल्युमिनियमची पट्टी रिव्हेट करा. यंत्र चालू असतानाही हात न घालता दिसेल अशी जागा निवडा.

प्रत्येक वस्तूला बिलाची तारीख, हमी कधी संपते, कुणाच्या ताब्यात आहे, शेवटची आणि पुढची देखभाल एवढे रकाने पुरेत. वजनकाट्यांना मात्र पडताळणीची तारीख नक्की घाला. इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन खात्याकडून दरवर्षी पडताळणी करावी लागते आणि ती हंगामाच्या धांदलीत हमखास राहते. घसारा वगैरे हिशेबनिसाकडेच राहू द्या.

क्रेटचा निर्णय परिस्थितीवर आहे. एचडीपीई प्लास्टिकच्या क्रेटला साधा डिंक धरत नाही, शिवाय ते धुतले जातात, उन्हात पडतात. स्टिकर लावून पैसे घालवू नका. टॅग लावायचाच तर रिव्हेटने किंवा केबल टायने. पण आधी विचारा, प्रत्येक क्रेटला स्वतंत्र ओळख हवी आहे का? तुमची तक्रार ‘अमुक क्रेट कुठे’ ही नाही, ‘अमुक बागायतदाराकडे किती’ ही आहे. त्यासाठी बागायतदाराला एक कार्ड द्या, कार्डावर त्याचा कोड. क्रेट नेताना कार्ड स्कॅन करून ४० लिहा, परत आले की ३७ लिहा, तीन त्याच्या नावावर उधार. क्रेटवर कारखान्याचे नाव ठळक उमटवून घ्या, म्हणजे दुसऱ्याचे क्रेट त्यात मिसळणार नाहीत. माझ्या मते तुम्हाला एवढे पुरेल. एक हंगाम करूनही वाद मिटले नाहीत तर क्रेटगणिक टॅगचा विचार करा. १५० क्रेटचा टेम्पो एकेक स्कॅन करायला तीन सेकंदांच्या हिशेबाने साडेसात मिनिटे लागतात, ती पहाटेच्या घाईत मिळणार आहेत का, हेही पाहा.

आता सॉफ्टवेअर. हिशेब टॅलीत असेल तर माल टॅलीतच ठेवा. वस्तूच्या नावाखाली अलायसची (पर्यायी नावाची) जागा असते, तिथे बारकोडचा नंबर घातला की स्कॅन करताच ती वस्तू निवडली जाते, आणि बॅच व मुदत ठेवण्याची सोय चालू करता येते. हिशेब एका ठिकाणी आणि साठा दुसऱ्या ठिकाणी ठेवला की महिनाअखेरीला दोन आकडे भांडतात. टॅली नसेल आणि संगणकाची जाण असलेले कुणी घरात असेल तर ईआरपीनेक्स्टसारखे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर लॉट, पुनर्भरणी आणि अनेक गोदामे सांभाळते, पण ते बसवायला वेळ द्यावा लागतो. यंत्रांची नोंदवही वेगळी असू द्या. चाळीस-पन्नास वस्तूंना एक्सेलही पुरते, वस्तू वाढल्या तर स्नाइप-आयटी हे मालमत्तेच्या नोंदींचे सॉफ्टवेअर पाहा.

कुणीही सॉफ्टवेअर विकायला आला तर त्याच्याकडून तुमच्याच मालावर हे करून घ्या: इंटरनेट बंद करून विक्री आणि पाठवणी, मग नेट आल्यावर दोन्हीकडचा मेळ. पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही जातात, म्हणून याला पहिला मान. नंतर १० किलोचा डबा फोडून ३९ पाकिटे आणि घट. एका लॉटवरून सगळे दुकानदार, आणि एका दुकानदाराच्या तक्रारीवरून मूळ आंब्याची आवक. साठा शून्याखाली जाऊ न देण्याची सोय. कुणी कधी नोंद बदलली याची यादी. आणि तुमची सगळी माहिती एका फाइलमध्ये बाहेर काढून देणे. शेवटचे करायला जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून घेऊ नका.

स्कॅनर क्यूआरही वाचणारा घ्या. नुसत्या रेघा वाचणारा स्वस्त मिळतो, पण यंत्रांचे कोड तो वाचणार नाही. दुकान आणि गोदामाला एकेक, बाकी मोबाइल चालतील. संगणक आणि राउटर दोन्ही यूपीएसवर ठेवा, नुसता संगणक ठेवून भागत नाही. सगळी लेबले छापण्याआधी वीसेक नमुने छापून तुमच्याकडच्या सर्वांत जुन्या मोबाइलने, गोदामाच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात वाचून पाहा.

मोजणीची शिस्त याच्या बरोबरीने लागते. दर सोमवारी एक रॅक, आणि मोजणाऱ्याला पुस्तकी आकडा दाखवायचा नाही, दिसला की हात त्याच आकड्यापाशी थांबतो. मोजणी चालू असताना त्या रॅकवरून काही हलवायचे नाही. काजू आणि पल्प महाग म्हणून त्यांची पाळी वरचेवर, कुळथाच्या पिठाची तिमाहीत एकदा. फरक निघाला तर आकडा दुरुस्त करण्याआधी कारण लिहा.

एप्रिल-मे मध्ये हे सगळे एकदम सुरू करू नका. त्या वेळी आंबा, कोकम, काजू एकत्र येतात आणि नवीन सवय कुणालाच लागत नाही. दिवाळीनंतर आधी दुकानापासून सुरुवात करा, कारण तिथे बिल करताना स्कॅन होतेच. मालाची नावे एकदा साफ करा, ‘कोकम सरबत’ आणि ‘को. सरबत ५००’ अशा जुळ्या नोंदी काढून टाका. महिन्याभराने गोदाम आणि टेम्पो जोडा, मग यंत्रांचे क्यूआर. पूर्ण मोजणी ३१ मार्चला तशीही करावी लागते, तिथे फरक किती निघाला ते पाहा. फरक एकाच दारावर साचलेला दिसला तर ते दार आधी दुरुस्त करा आणि मगच एप्रिलमध्ये उत्पादनाची लेबले आणि बागायतदारांची कार्डे चालू करा.